‘तक्रारी : शून्य’ – एका फाउंड्रीच्या अहवालातला एक रकाना

बेळगावहून खानापूर रस्त्याला लागलं की आधी उद्यमबाग, मग पिरनवाडी, मग मच्छे. हा सगळा पट्टा आणि त्याच्या आतबाहेरची गावं ओतकामाच्या कारखान्यांना सरावलेली आहेत. ओतशाळा हा शब्द इथे कुणी वापरत नाही, म्हातारीसुद्धा फाउंड्रीच म्हणते. हे प्रकरण बेळगाव परिसरातल्या अशाच एका मध्यम फाउंड्रीचं. तिचं आणि शेजारच्या गावाचं नाव मी देत नाही. तिथल्या माणसांनी मला बरंच काही मोकळेपणाने दाखवलं, आणि ते त्यांच्यावर उलटू नये असं मला मनापासून वाटतं.

माझं काम कंपन्यांचे सामाजिक अहवाल लिहायला मदत करण्याचं. कंपनीने पैसा किती मिळवला हे सोडून बाकीचं जे सांगायचं असतं ते त्यात येतं: पाणी किती लागलं, अपघात किती झाले, आसपासच्या लोकांशी काय बोलणं झालं. या फाउंड्रीने बोलावलं तेव्हा आधी मागच्या वर्षीचा अहवाल हातात ठेवला. इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर, मुखपृष्ठावर वितळलेल्या लोखंडाची केशरी धार. मधल्या एका पानावर तक्ता होता. त्यातली एक ओळ अशी: स्थानिक समुदाय; दुर्बल घटक आहे का: नाही; संपर्काचं माध्यम: ग्रामपंचायतीमार्फत बैठक; किती वेळा: वर्षातून एकदा; विषय: शाळा, यात्रा, रोजगार. दोन पानं उलटली की दुसरा तक्ता. समुदायाकडून आलेल्या तक्रारी शून्य. वर्षअखेर प्रलंबित शून्य.

कारखान्याच्या मागच्या भिंतीपासून गावाचं पहिलं घर हाकेच्या अंतरावर आहे. रात्रपाळीला साच्यातून कास्टिंग, म्हणजे ओतलेला लोखंडी भाग, झोडून बाहेर काढतात तेव्हा त्या घरातली भांडी वाजतात. तरी शून्य. हे शून्य कसं तयार झालं ते मला हळूहळू कळत गेलं, आणि तेच इथे मांडते आहे.

हा तक्ता आला कुठून

थोडक्यात सांगते. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०११ साली उद्योगांच्या जबाबदारीची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१९ मध्ये ती सुधारून नऊ तत्त्वांची नवी चौकट आली. त्यातलं चौथं तत्त्व सांगतं की व्यवसायाने आपल्या सगळ्या हितसंबंधीयांच्या हिताचा आदर करावा आणि त्यांना प्रतिसाद द्यावा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१२ मध्ये शेअर बाजारातल्या पहिल्या १०० कंपन्यांपासून असे अहवाल मागायला सुरुवात केली. मे २०२१ मध्ये ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांच्या अहवालाचा नवा नमुना आला आणि २०२२-२३ पासून तो पहिल्या १००० कंपन्यांना सक्तीचा झाला.

आमची फाउंड्री शेअर बाजारात नाही. पण तिचं मोठं गिऱ्हाईक तिथे आहे. २०२३ मध्ये सेबीने बड्या कंपन्यांकडून त्यांच्या पुरवठादारांचीही माहिती मागायचं ठरवलं. पुढे ती सक्ती सैल करून ऐच्छिक केली, पण तोवर खरेदी खात्यांच्या प्रश्नावल्या सुटल्या होत्या. त्यातली एक इथवर पोचली. मालकांना वाटलं, एवीतेवी भरायचंच आहे तर आपलाही अहवाल काढू. हा त्यांचा मोठेपणा होता. कायद्याने त्यांना कुणी भाग पाडलेलं नव्हतं.

‘हितसंबंधी’ या शब्दाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते. मराठी मसुद्यात ऑफिसातल्या एका मुलाने स्टेकहोल्डरला ‘भागधारक’ लिहिलं होतं. भागधारक म्हणजे शेअर घेतलेला माणूस. गावातल्या एका आजोबांनी तो कागद वाचून मला विचारलं, “आमचा भाग कुठला ह्यात?” मी शब्द बदलला. त्यांचा प्रश्न मात्र मला पुढे प्रत्येक बैठकीत आठवत राहिला.

गेटवरचं रजिस्टर

तक्रारी कुठे नोंदवतात, असं विचारल्यावर मला गेटवरच्या केबिनमध्ये नेलं. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि हळद-कुंकवाची बोटं. दुसऱ्या पानावर इंग्रजीत आणि कन्नडमध्ये छापलेले रकाने: दिनांक, नाव, तक्रारीचं स्वरूप, सही. पुढची सगळी पानं कोरी. पानं एकमेकांना चिकटली होती, म्हणजे कुणी उलटूनही बघितली नव्हती.

वॉचमन म्हणाला, “मॅडम, आत यायला पास लागतो. पासला आतल्या माणसाचं नाव लागतं. तक्रार करणारा कुणाचं नाव सांगणार?”

एवढ्यातच अर्धं उत्तर होतं. उरलेलं अर्धं शोधताना माझी चूक झाली. गावात बैठक ठरवायला मी कंपनीच्या नेहमीच्या माणसालाच फोन केला. त्यांना सगळे दादा म्हणतात. पन्नाशीचे, बोलायला गोड. कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही भाषा फर्ड्या बोलतात. पूर्वी पंचायतीत निवडून आलेले. दोन दिवसांत त्यांनी देवळाच्या सभामंडपात बैठक भरवली. पुढे खुर्च्यांवर पुरुष, मागे सतरंजीवर चार-पाच बायका. यात्रेची वर्गणी, तरुण मंडळाला व्हॉलीबॉलचं नेट, मुलांना नोकऱ्या. एकाने शाळेच्या बाकड्यांबद्दल कंपनीचे आभार मानले. चहा झाला, फोटो झाला. तक्त्यातल्या रकान्यात जसंच्या तसं बसावं असं सगळं घडलं.

निघताना मागे बसलेल्यांपैकी एकजण माझ्या जवळून गेली आणि चालता चालताच म्हणाली, “अंगणवाडीकडं या. बुधवारी. आमचा हप्ता असतो.”

अंगणवाडीची पायरी

कर्नाटकात स्त्रीशक्ती संघ, म्हणजे बायकांचे बचत गट, गावोगाव आहेत. बुधवारी दुपारी तिथे पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. कुणाच्या पदराच्या गाठीत पैसे, कुणाच्या हातात वही. मी सांगितलं, मला कंपनीने पाठवलंय, पण तुम्ही बोलाल ते मी तुमच्या शब्दांत लिहीन आणि लिहिल्यावर तुम्हाला वाचून दाखवीन. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बाकड्यांचं कौतुक झालं. मग एकजण तुटकपणे म्हणाली, “बाकडी राहू दे ताई. आमच्या भातात काळं येऊलंय, त्याचं बोला.”

ती उठून गेली आणि घमेल्यात मातीचं एक ढेकूळ घेऊन आली. बाहेरून करडं. तिने ते पायरीवर आपटून फोडलं. आत काजळीसारखं काळं. ओली बाजू बोटांना साबणासारखी लागत होती, सुकलेली बाजू विटेसारखी कडक होती. “पाऊस पडला की नाल्यानं येतंय. वाफ्यात बसलं की पाणी मुरत न्हाई. रोप पिवळं पडतंय.” बाकीच्या एकदम बोलायला लागल्या. कुणाचं भात, कुणाची रताळी, भातानंतर कुणी मसूर टाकतं ती उगवत नाही. तीन पावसाळे हे चाललं होतं.

“कुणाला सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. दादांस्नी सांगितलं. ते म्हणाले, सायबांच्या कानावर घालतो.”

“तुम्ही थेट कंपनीत का नाही गेलात?”

“जाऊन काय करायचं? गेटवर कन्नडात विचारत्यात, आत इंग्लिशमध्ये लिवत्यात.” आणि तिच्या शेजारची, आतापर्यंत गप्प बसलेली, खाली बघत म्हणाली, “आणि माझं पोरगं तिथंच कामाला हाय.”

वहीत मी ही वाक्यं तशीच उतरवली. त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्या शेवटच्या बाईने तिचं वाक्य काढायला लावलं. मी काढलं. अहवालात ते कधीच आलं नाही. इथे लिहिण्याआधी मी तिला विचारून घेतलं आहे.

नाल्याकाठी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लांट मॅनेजरना घेऊन नाल्यावर गेले. ते धारवाडकडचे, घरची भाषा कन्नड. मराठी चांगली समजते, थोडी बोलतात. वाटेत म्हणाले, “मला येते मराठी, पण बैठकीत बोलायला भीती वाटते. एक शब्द चुकला तर लोक वेगळा अर्थ घेतील.” या सीमाभागात ही भीती उगाच नाही, ते मला माहीत आहे.

नाल्याच्या वरच्या अंगाला सखल जमिनीत काळ्या वाळूचे ढीग टाकून सपाट केले होते. पावसाने त्याची कड कापली होती आणि काळा ओघळ सरळ नाल्यात उतरला होता. मॅनेजर सेफ्टी शूजनिशी खाली उतरले, मूठभर वाळू उचलली, खिशातून किल्ल्या काढल्या. जुडग्याला लहानसं चुंबक होतं. ते वाळूतून फिरवलं तर लोखंडाचे बारीक मणी त्याला चिकटून आले. हातात एक तपकिरी तुकडाही लागला, शेल कोअरचा, म्हणजे साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्याचा. ते बराच वेळ तिथेच उभे राहिले, मग म्हणाले, “आपलीच आहे.”

फाउंड्रीची वाळू म्हणजे नदीची वाळू नाही. सिलिका वाळूत बेंटोनाइट नावाची माती, कोळशाची पूड आणि पाणी मिसळून साचा बनवतात. तिला ग्रीन सँड म्हणतात, पण तिचा रंग काळा असतो. ओली वाळू एवढाच त्या नावाचा अर्थ. तीच वाळू पुन्हा पुन्हा वापरतात, पण प्रत्येक फेरीत थोडी जळते. तेवढी काढून टाकून नवी घालावी लागते. शिवाय गाभ्यासाठी रेझिन लावलेली वेगळी वाळू असते, तिचे तुकडेही यात येतात. बेंटोनाइट पाणी पिऊन फुगतं आणि पाणी अडवतं. तळ्याचा तळ गळू नये म्हणून हीच माती वापरतात. भाताच्या वाफ्यात ती थरावर थर बसली तर काय होणार, हे त्या बाईने ढेकूळ आपटून दाखवलंच होतं.

आता कंपनीचा अहवाल पुन्हा उघडला. पर्यावरणाच्या पानावर एक ओळ अभिमानाने छापली होती: वापरलेल्या वाळूचा सखल जमिनीच्या भरावासाठी पुनर्वापर. एकच वाळू. एका पानावर ती चांगलं काम म्हणून नोंदली होती आणि दुसऱ्या पानावर, तक्रारींच्या तक्त्यात, ती नव्हतीच. यात कुणी जाणूनबुजून खोटं लिहिलं नव्हतं. ज्याने पहिलं पान लिहिलं त्याने भराव पाहिला नव्हता आणि ज्याने दुसरं लिहिलं त्याच्याकडे कोरं रजिस्टर होतं.

दादा

वाळू नेणारे ट्रॅक्टर दादांच्या घरातले होते. कारखान्याकडून खेपेमागे पैसे मिळत. ज्यांच्या सखल जमिनीत भराव पडला त्यांना प्लॉट पाडायचे होते, त्यांनी ती वाळू मागूनच घेतली होती. म्हणजे गावातल्या काही जणांना या वाळूचा फायदा होता आणि नाल्याच्या खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचं नुकसान होतं. कारखान्यात कंत्राटी माणसं पुरवणारेही दादाच. आणि वर्षातून एकदा ‘समुदायाशी संवाद’ घडवून आणणारेही तेच.

मला त्यांना खलनायक करायचं नाही. रात्री-बेरात्री बाळंतिणीला सिव्हिलमध्ये पोचवणारी गाडी त्यांची असते. गावातल्या किती मुलांच्या हाताला काम लागलं ते त्यांच्या शब्दावर. पण तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे आणि तक्रार ज्याच्याकडून वर जायची आहे, ते एकच माणूस होतं. तीन पावसाळे गाव बोलत होतं, ते बोलणं त्यांच्यापाशी येऊन थांबत होतं, आणि पलीकडे रजिस्टरमध्ये शून्य दिसत होतं.

कंपनीला मध्यस्थ लागला तरी कशाला? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. ऑफिसचं काम कन्नड आणि इंग्रजीत चालतं, गाव बोलतं मराठी. मधला पूल ज्याला बांधता येतो तो माणूस आपोआप मोठा होतो. पुलावर ये-जा करणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर त्याचा हक्क चालतो. भाषेची अडचण असेल तिथे मध्यस्थ तयार होतोच, आणि जो मध्यस्थ असतो त्याचं स्वतःचंही काही हित असतं. हितसंबंधीयांच्या यादीत मात्र त्याचं नाव कधी लिहिलेलं नसतं. तो ‘माध्यम’ या रकान्यात जाऊन बसतो.

अमेरिकेतले प्राध्यापक एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये हितसंबंधीयांची जी व्याख्या केली ती रुंद आहे: संस्थेच्या कामावर ज्यांचा परिणाम होतो किंवा ज्यांच्यावर तिच्या कामाचा परिणाम होतो ते सगळे. मग कंपनीने आधी कुणाकडे बघायचं? १९९७ मध्ये मिचेल, एगल आणि वुड यांनी त्यासाठी तीन कसोट्या दिल्या: ताकद, मागणीची न्याय्यता आणि निकड. या गावात त्या लावून पाहिल्या तर चित्र लगेच स्पष्ट होतं. तरुण मंडळाकडे ताकद होती, गेट बंद पाडण्याची. भरावाच्या जमीनमालकांकडे ताकद आणि व्यवहार दोन्ही. नाल्याखालच्या बायकांची मागणी न्याय्य होती, पाऊस तोंडावर असल्याने निकडही होती, पण ताकद नव्हती. कंपनी इतकी वर्षं फक्त ताकदीशी बोलत होती आणि त्याला समुदाय म्हणत होती.

कॉन्फरन्स रूममधले तीन वाद

मी आणि मॅनेजरनी सगळं मांडल्यावर मालक पहिल्यांदा म्हणाले, “इतकी वर्षं कुणी बोललं का नाही?” बोलले, तुमच्यापर्यंत आलं नाही, असं मी सांगितलं. ते गप्प झाले. पुढच्या दोन तासांत तीन गोष्टींवर वाद झाला.

पहिला पैशांचा. वाळू उचलायची हे ठरलं. हिशेब बघणारे म्हणाले, हे सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात टाकू, पर्यावरण म्हणून. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त असेल तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. नफ्याच्या अटीमुळे ही फाउंड्री त्यात बसते. पण नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही, हे नियमांत स्पष्ट आहे. आपल्याच साच्यातली वाळू आपणच उचलायची, हा तर धंद्याचाच खर्च. मी याबाबत ताठ राहिले. आपण घाण केली ती निस्तरून वर समाजसेवा म्हणून मिरवायची, हे मला अजिबात पटत नाही. मालकांनाही ते पटलं.

दुसरा वाद आकड्याचा. तक्रारी शून्याऐवजी काही दिसल्या तर गिऱ्हाईक गुण कापेल, अशी खरी धास्ती होती. इथे क्वालिटीचे प्रमुख मदतीला आले. ते या बैठकीत आतापर्यंत बोललेच नव्हते. “साहेब, महिनाभर रिजेक्शन शून्य आलं तर आपण खूश होतो का? आपण आधी इन्स्पेक्टरला बोलावून विचारतो, बघितलंस का नीट.” ओतकामात हवेचे बुडबुडे, भेगा, वाळूचे डाग काही ना काही निघतंच. त्या दालनातल्या प्रत्येकाला हे हाडीमासी ठाऊक होतं. त्यानंतर आकड्यावर फार बोलणं झालं नाही. सगळ्या शेतांची मिळून एकच तक्रार लिहावी, असं एकाने सुचवलं. ती सूचना टिकली नाही. प्रत्येक शेताची वेगळी नोंद झाली, सर्व्हे नंबरासकट.

तिसरा वाद भाषेचा, आणि तो सगळ्यांत लांबला.

कोणत्या भाषेत

बाहेरच्या वाचकाला हे थोडं समजावून सांगायला हवं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. हा भाग कोणत्या राज्यात असावा या सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, आणि प्रश्न अजून न्यायालयात आहे. दर १ नोव्हेंबरला एकाच शहरात एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन. अशा ठिकाणी कंपनीच्या लेटरहेडवर मराठी मजकूर निघाला की कुणीतरी येईल, अशी भीती ऑफिसात होती. एकाने नामफलकांवर ६० टक्के कन्नड हवं या २०२४ च्या दुरुस्तीचा दाखला दिला. तो नियम दुकानं-कारखान्यांच्या पाट्यांचा. शेतकऱ्याला हातात द्यायच्या कागदाशी त्याचा संबंध नाही.

घटनेच्या ३५० व्या कलमाने कुणालाही आपलं गाऱ्हाणं सरकारदरबारी राज्यात वा संघराज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. कंपनीला ते लागू नाही, हे मला माहीत आहे. पण सरकारी कचेरीत जाऊन आपल्या भाषेत गाऱ्हाणं मांडायचा अधिकार माणसाला असेल आणि भिंतीला भिंत असलेल्या कारखान्यात तो नसेल, तर त्या कारखान्याने ‘आम्ही संवाद साधतो’ असं लिहू नये. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या व्यवसाय आणि मानवी हक्क तत्त्वांत तक्रार यंत्रणेच्या कसोट्या दिल्या आहेत. ती लोकांना सहज वापरता यावी ही त्यातली एक, आणि भाषा हा तिथल्या अडथळ्यांपैकी एक मानला आहे.

शेवटी तोडगा साधा निघाला. एकाच पानावर डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी, दोन्ही सारख्या अक्षरात. गावात कन्नड बोलणारी घरंही आहेत, आणि त्यांनाही आजवर इंग्रजी अहवालच मिळत होता, हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. मॅनेजर आनंदाने म्हणाले, “मग कन्नड बाजू मी लिहितो.” रजिस्टर गेटवरून हललं. एक वही अंगणवाडीत आणि एक पंचायतीत ठेवली. अंगणवाडीतली वही महिन्याच्या शेवटी कंपनीची एक मुलगी येऊन वाचते. लिहिता न येणाऱ्या बाईचं बोलणं तीच उतरवते आणि वाचून दाखवते. पंचायतीतल्या वहीत फारसं काही येत नाही.

अहवालाच्या तक्त्यातली ओळही फोडली. ‘स्थानिक समुदाय’ या एका ओळीच्या जागी नाल्याखालचे शेतकरी, महिला संघ, भराव घेतलेले जमीनमालक, पंचायत अशा वेगळ्या ओळी आल्या. वाळूचा ठेका आणि माणसं पुरवण्याचा ठेका घेणाऱ्यांची ओळ पुरवठादारांत गेली. दुर्बल घटक या रकान्यात महिला शेतकऱ्यांपुढे ‘होय’ पडलं. त्या छोट्या ‘होय’ने पुढचं एक काम लागतं: अशा गटाच्या प्रश्नावर काय केलं ते नमुन्यात वेगळं सांगावं अशी अपेक्षा असते.

एक ओळ मात्र अपुरीच राहिली. बिहार-ओडिशाची मुलं गावात खोल्या घेऊन राहतात, एकेका खोलीत पाच-सहाजण, नॉकआउट आणि फेटलिंगची, म्हणजे कास्टिंग साच्यातून झोडून काढण्याची आणि घासून साफ करण्याची, धुळीची कामं तीच करतात. अंगणवाडीत ती येणार नाहीत, आणि हिंदीत त्यांच्याशी बसून बोलण्याआधी त्यांना दादांची परवानगी लागते. हे अजून सुटलेलं नाही. त्यांच्या रकान्यात मी ‘संवाद झाला नाही’ असं लिहिलं आणि ते तसंच छापलं गेलं.

पुढे काय झालं

पावसाआधी वाळू उचलायला सुरुवात झाली. ठेका दुसऱ्याकडे गेला, प्रत्येक खेपेची पावती आणि उतरवल्याच्या जागेचा फोटो सक्तीचा झाला. नाल्याची कड दगडाने बांधली. रात्री अकरानंतर कास्टिंग झोडायचं बंद करायचं ठरलं, पण ऑर्डरची घाई असली की ते पाळलं जात नाही. वहीत तशा नोंदी आहेत. पिकाच्या नुकसानीचं काय करायचं यावर एकमत झालं नाही. कंपनी म्हणते माती तपासून ठरवू, शेतकरी म्हणतात तीन वर्षांचं कसं तपासणार. दोघांचंही म्हणणं मला समजतं. तरी तपासणीचा खर्च कंपनीने आधीच करायला हवा होता असं माझं मत आहे आणि ते मी त्यांना सांगितलं आहे.

दादा काही दिवस कुणाशी बोलत नव्हते. मग एक दिवस अंगणवाडीत येऊन त्यांनी वही मागून वाचली. काही न बोलता परत ठेवली.

अहवाल छापून आल्यावर त्याचं दोन भाषांतलं एक पान देवळाच्या भिंतीवर आणि पंचायतीच्या फलकावर लावलं. त्यात एक वाक्य होतं, ‘नाल्याकाठची वाळू हलवण्यात आली.’ आठवड्याने मी गेले तेव्हा देवळाच्या भिंतीवरच्या कागदावर, मराठी बाजूला, कुणीतरी बॉलपेनने ‘वाळू’ या शब्दाच्या आधी खूण करून वर लिहिलं होतं: ‘अर्धी’. मी नाल्यावर जाऊन बघितलं. वरच्या अंगाचा ढीग गेला होता, वळणाच्या पलीकडचा तसाच होता. मी तिथून मॅनेजरना फोन केला. ते म्हणाले, “फोटो पाठवा, आणि तो कागद काढू नका.” मग थोडं थांबून विचारलं, “कन्नड बाजूला पण लिहिलंय का?” नव्हतं. संध्याकाळी ते स्वतः आले, नाल्याच्या वळणापर्यंत चालत गेले आणि परतताना देवळाशी थांबून त्याच पेनासारख्या निळ्या शाईने कन्नड ओळीवर लिहिलं, कन्नड लिपीतलं ‘ಅರ್ಧ’ (अर्ध) नव्हे, तर मराठीतल्यासारखंच देवनागरीत: ‘अर्धी’.